लांबची लाईन

"मॅडम, पाराला लाईन कुटनं देऊ?" रामदासनं तिसऱ्यांदा विचारलं.

आम्ही नांद्याच्या शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. समोरच्या बाकावर गावाचा नकाशा पसरला होता आणि त्यावर बारा लाल ठिपके होते. अकरा ठिपक्यांपर्यंत माझ्या पेन्सिलीनं रेघा ओढून झाल्या होत्या. बारावा ठिपका म्हणजे मारुतीच्या देवळासमोरचा पार. तिथे पेन्सिल थांबली होती.

२००७ च्या आसपासची ही गोष्ट. एका संस्थेनं रात्रभर चालणारा कलामहोत्सव सुरू केला होता. प्रवेश फुकट, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. गॅलरी नाही, तिकीटखिडकी नाही. कलाकारांनी आपलं काम रस्त्यावर, चौकात, जिथे कोणीही येऊ शकतं अशा जागी मांडायचं. आधीची दोन वर्षं तो पुणे शहरात झाला. तिसऱ्या वर्षी संचालक देवयानीच्या डोक्यात आलं की शहर आता जिकडे सरकतंय तिकडे जाऊ. तिनं नांदे निवडलं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला सोसायट्यांचे बोर्ड. चावडी, शाळा, पाण्याची टाकी, बसथांबा, ओढ्यावरचा पूल, पार अशा बारा जागा ठरल्या.

मी टेक्निकल मॅनेजर होते. कलाकाराला वीज, मचाण, दोरखंड, जे लागेल ते वेळेवर देणं आणि कोणाला शॉक बसू न देणं, एवढंच त्या पदाचं काम. त्याआधी चौदा वर्षं मी दिव्यांचंच काम करत होते, आधी नाटकांत, मग लग्नाच्या मांडवांत.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. गावची वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, म्हणून दोन जनरेटर भाड्यानं आणले होते. मोठा टाकीखाली, लहान चावडीमागे. कोणतं काम कोणत्या जनरेटरवर जोडायचं आणि कोणत्या केबलनं, याचा तक्ता म्हणजे लोड चार्ट. तो करणं माझं काम, आणि त्यावर सहीही माझी.

मी पाराच्या ठिपक्यापासून चावडीपर्यंत रेघ ओढली. गल्लीनं, गोठ्यांच्या बाजूनं, खाण्याच्या स्टॉलवरून वळसा घालून.

रामदास पौडचा. माझ्याबरोबर आठ वर्षं वायरमन होता. त्यानं नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टाकीखालचा मोटा सेट पारापासनं साठ मीटरवर हाय, मॅडम. अन् तुमी चावडीचा धरलाय. ही दोनशे ऐंशी मीटर लांबण झाली. वर स्टॉलबी त्याच लाईनीवर."

"मोठा सेट प्रोजेक्टरवाल्यांना राखून ठेवायचाय."

"पाच किलोवॅटनं त्याला काय व्हतंय?"

"रामदास, लिहिलंय तसं करा."

"व्हय," तो म्हणाला आणि केबल मोजायला उठला.

पारावर मिलिंदचं काम होतं. त्या वेळी मला कोणी विचारलं असतं तर मी तांत्रिक कारणं सांगितली असती. चार-पाच तरी.

मिलिंद आणि मी एकाच नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना शिकलो. एकाच शिडीवर चढून आम्ही दिवे टांगले, एकाच डब्यातलं जेवलो. मग एक परदेशी फेलोशिप आली. दोघांनीही अर्ज केला. त्याची निवड झाली. विमानतळावर त्याला पोहोचवायला मी गेले होते, पेढेही नेले होते. त्यानंतर तो जर्मनीत राहिला आणि 'लाइट आर्टिस्ट' झाला. मी इथेच राहिले आणि भाड्यानं दिवे पुरवणाऱ्या कंपनीत लागले, कारण नाटकात पोट भरत नव्हतं. दोघंही दिवेच लावत होतो. त्याच्या दिव्यांखाली नावाची पाटी असायची, माझ्या दिव्यांखाली नवरानवरी.

एवढ्यावरही मी भागवून घेतलं असतं. पण महोत्सवाच्या दोन महिने आधी त्याच्या कामाचं टिपण माझ्या टेबलावर आलं. गावातल्या प्रत्येक घरातून वापरातला एक बल्ब मागून आणायचा. प्रत्येकाला घराच्या नावाची चिठ्ठी बांधायची. ते सगळे पारावरच्या पिंपळाला टांगायचे आणि डिमर लावून एकत्र, सावकाश कमीजास्त करायचे. डिमर म्हणजे दिव्याचा उजेड हवा तेवढा ठेवणारं यंत्र.

मी ते टिपण दोनदा वाचलं. फेलोशिपच्या आधी, एका प्रयोगानंतर आम्ही दोघं थिएटरच्या मागच्या पायऱ्यांवर चहा पीत बसलो होतो. तेव्हा मी म्हणाले होते, "एखाद्या गावातल्या सगळ्या घरांचे बल्ब एका झाडाला टांगले तर सगळं गाव एका नजरेत दिसेल." मला वाक्यन्‌वाक्य आठवत होतं.

तो नांद्याला आला तेव्हा मी त्याचं हसून स्वागत केलं. देवयानीनं त्याला गावभर फिरवलं. आठ दिवसांत मला कोणी चहा विचारला नव्हता. त्याला पहिल्याच तासात तीन घरांत चहा झाला. दारोदार जाऊन तो बल्ब मागायचा आणि बायका हसत काढून द्यायच्या. ताराबाई म्हणून साठीच्या एक होत्या. त्यांच्या घरानं थोडी जमीन विकून वर खोल्या काढल्या होत्या आणि त्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांना भाड्यानं दिल्या होत्या. त्यांनी गोठ्यातला बल्ब काढून दिला.

"ह्यो म्हातारा हाय," त्या म्हणाल्या. "पर अजून जळतोय. जपून ने."

"जपतो, काकू," मिलिंद म्हणाला. ते काकू म्हणणंही मला लागलं. इतकी वर्षं बाहेर राहून त्याची जीभ अजून गावात वळत होती.

तो मला भेटायला आला तेव्हा त्यानं एकच गोष्ट मागितली. "सुलभा, व्होल्टेज स्थिर दे. बाकी मी बघतो."

"मिळेल," मी म्हणाले.

इथे थोडं विजेचं सांगावं लागेल. केबलमधली वीज ही पाइपातल्या पाण्यासारखी असते. पाइप लांब आणि बारीक असेल, मधे चार नळ उघडे असतील, तर शेवटच्या नळाला धार येत नाही, ठिबक येते. विजेच्या बाबतीत त्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. मिलिंदचा नळ शेवटचा होता, आणि पाइप मी निवडला होता.

महोत्सवाच्या संध्याकाळी सहा वाजता सगळं सुरू झालं. साडेसातपर्यंत नांद्याच्या रस्त्यांवर दुचाक्यांची रांग लागली. सूस, बाणेर, हिंजवडीहून ऑफिसची माणसं आली. गावातली माणसं आधीच ओट्यांवर बसली होती. साडेआठला वॉकीटॉकीवर मिलिंदचा आवाज आला.

"सुलभा, डिमर बंद पडतोय. लावला की पाच मिनिटांत बंद."

"येते," मी म्हणाले आणि हातातला चहा सावकाश संपवला.

पारावर जाऊन मीटर लावला. दोनशे तीस व्होल्ट असायला हवं होतं, तिथे एकशे सत्तर होतं. व्होल्टेज इतकं पडलं की डिमर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. उपाय मला ठाऊक होता. साठ मीटर केबल टाकून पार मोठ्या सेटवर घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम.

"डिमर काढून टाक," मी म्हणाले. "बल्ब थेट जोडू."

"मग ते कमीजास्त कसे होणार?"

"नाही होणार. नुसते लागतील. जनरेटरवर एवढंच मिळतं, मिलिंद."

तो पारावर बसला. आठवडाभरात पहिल्यांदा तो थकलेला दिसला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. रामदासनं डिमर काढला आणि बल्ब थेट जोडले. शंभर-सव्वाशे बल्ब जेमतेम पेटले, उकडलेल्या अंड्यातल्या बलकासारखे पिवळे. मी दुसऱ्या कामाला निघून गेले.

दहाच्या सुमाराला देवयानी भेटली.

"पाराकडे गेलीस का? लोक हलत नाहीयेत तिथून."

"काय झालं?"

"जाऊन बघ ना."

गेले. देवळासमोरचा चौक भरून गेला होता आणि आवाज मात्र अगदी कमी होता. पिंपळात बल्ब तांबूस जळत होते आणि दर दीडदोन मिनिटांनी सगळे एकदम मंद व्हायचे, मग पुन्हा वर यायचे. कधी लवकर, कधी उशिरा. झाड श्वास घेत होतं.

मला कारण क्षणात कळलं. त्याच लाईनवर पॉपकॉर्नचं यंत्र आणि आईस्क्रीमचा फ्रीझर होता. यंत्राचा हीटर चालू झाला की पाराचं व्होल्टेज पडायचं, बंद झाला की वर यायचं. फ्रीझर अधूनमधून त्यात आपली भर घालायचा. मी मिलिंदला द्यायची म्हणून जी सर्वांत वाईट लाईन दिली होती, तिनंच त्याचं काम त्याच्या कुवतीपलीकडे नेऊन ठेवलं होतं. मी ठरवून केलेल्या कुठल्याही प्रकाशयोजनेत इतकं सुंदर काही आलं नव्हतं.

एक पत्रकार मिलिंदला विचारत होती, "ही लय तुम्ही कशी साधली?"

"गावाची वीज गावाच्या लयीनं वाहू दिली," तो म्हणाला. तेवढ्यात गर्दीत मी त्याला दिसले. त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

मी तिथून चालत शाळेपर्यंत आले आणि एका रिकाम्या वर्गात बसले. माझं वाक्य त्याचं झालं होतं आणि आता माझा खोडसाळपणाही त्याचाच झाला होता. वॉकीटॉकी दोनदा वाजला, मी उचलला नाही.

साडेबाराला रामदास शोधत आला. "मॅडम, गल्लीत चला."

एवढी लांब केबल अखंड मिळत नाही. चार तुकडे जोडून ती केली होती. तिसरा जोड ताराबाईंच्या गोठ्याच्या भिंतीलगत होता. रामदासनं बॅटरी धरली.

"हात लावू नका. नुसता जवळ न्या."

हात वीतभर अंतरावर असतानाच धग लागली. जोडावरची काळी टेप मऊ पडून चकाकत होती. जळक्या रबराचा वास येत होता. आणि जोडापासून दोन हातांवर, भिंतीला टेकून, नुकत्याच झालेल्या भाताचा पेंढा रचलेला होता. माणसाएवढा उंच. आत दोन म्हशी होत्या. गल्लीतून लोक पोरांना कडेवर घेऊन जात होते.

मी पुढे दहा मीटर केबल चाचपली. तीही कोमट होती.

वॉकीटॉकीवर मी मिलिंदला बोलावलं. तो आला, त्यानं बघितलं.

"जोड नवा मार," तो म्हणाला. "लाईन तीच ठेव."

"केबलच गरम आहे. नवा जोडही तापेल. पार मोठ्या सेटवर घ्यावा लागेल."

"मग व्होल्टेज पूर्ण येईल."

"हो."

"मग हे सगळं जाईल, सुलभा. दोन तास थांब. दोन-अडीचला गर्दी कमी होईल. रामदास इथे पहारा देईल."

तसं करता आलं असतं. लोक करतात. मी उभी राहिले. अडचण अशी होती की मला त्याचं झाड विझवायचंच होतं. दहा वाजल्यापासून विझवायचं होतं. आणि आता विझवणं बरोबरही होतं. माझ्या तोंडून जो निर्णय निघेल तो टेक्निकल मॅनेजरचा असेल की त्या पायऱ्यांवर चहा पिणाऱ्या बाईचा, हे मला कळेना.

"रामदास, तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

"म्या आसली लाईन वडलीच नसती," तो म्हणाला.

मग मी स्वतःलाच विचारलं की पारावर दुसऱ्या कोणाचं काम असतं तर? मला अजिबात न आवडणाऱ्या, न ओळखणाऱ्या माणसाचं? उत्तर तेच आलं. मी चावडीवर जाऊन ती लाईन बंद केली. लांबून लोकांचा निराश सुस्कारा ऐकू आला.

साठ मीटर केबल टाकायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. स्टॉल वेगळ्या लाईनवर घेतले. मोठ्या सेटवरून वीज आली आणि पिंपळ लख्ख पेटला. लग्नाच्या मांडवासारखा. लोकांनी डोळ्यांवर हात धरले. थोडे निघून गेले.

मिलिंद माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "हेच हवं होतं ना तुला?"

नाही म्हणाले असते तर ते खोटं होतं, आणि हो म्हणाले असते तर तेही पूर्ण खरं नव्हतं.

तेवढ्यात ताराबाई पदर खोचून पाराशी आल्या. मान वर करून एकेक बल्ब बघू लागल्या.

"आत्ता कसं दिसतंय," त्या म्हणाल्या. "मघाधरनं शोधतीया. त्या मिचमिच उजेडात एक नाव वाचाया येत न्हवतं. माजा बलप कुटं लावलाय?"

मिलिंदनं बोट दाखवलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, शेजारची वाचली, त्याच्या शेजारची वाचली. "ह्यो सासूबाईच्या भावकीतला. बोलत न्हाईत आमच्याशी. हितं बरे शेजारी आलेत." त्यांच्या मागून आणखी बायका आल्या. आपापलं घर शोधू लागल्या. हिंजवडीची भाडेकरू मुलंही आपल्या घरमालकाचं नाव शोधू लागली.

मी मिलिंदकडे गेले. "डिमर परत जोडते. आता तो चालेल. पण प्रोग्रॅम नको, हातानं चालवते."

"कर तुला काय करायचं ते," तो म्हणाला आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.

दीडपासून सकाळी सहापर्यंत मी पाराच्या मागे डिमरच्या बोर्डाशी बसून होते. बोर्ड म्हणजे खालीवर सरकणाऱ्या खुंट्यांची पेटी. उजेड पूर्ण वर न्यायचा, लोकांना नावं वाचू द्यायची, मग सावकाश खाली, अगदी बल्बच्या आतल्या तारेपुरता लालसर. तिथे थांबायचं. किती थांबायचं हे गर्दीच्या आवाजावरून ठरवायचं. नाटकात मी हेच करायचे. कितीतरी वर्षांत केलं नव्हतं.

तासाभरानं मिलिंद मागे येऊन उभा राहिला. दोनदा उजेड खालीवर होताना त्यानं बघितला. मग म्हणाला, "खाली आणताना घाई करतेस तू."

मी वेग कमी केला. तो बरोबर होता, आणि त्याचाही मला राग आला.

उजाडायला लागल्यावर मी बोर्ड बंद केला. रामदास केबल गुंडाळत होता. मिलिंद शिडीवरून एकेक बल्ब उतरवून माझ्या हातात देत होता. सात-आठ बल्ब झाल्यावर मी म्हणाले, "लांबची लाईन मी तुला मुद्दाम दिली होती."

तो शिडीवर थांबला. "रात्रीच वाटलं मला. मोठा सेट इथून दिसतोय की. तू असल्या चुका करत नाहीस."

"तुझं टिपण वाचलं तेव्हाच डोकं फिरलं होतं. ही कल्पना माझी होती. त्या पायऱ्यांवर मी तुला म्हणाले होते."

मला वाटलं होतं तो म्हणेल, आठवत नाही.

"म्हणाली होतीस," तो म्हणाला. "मला आठवतंय. तू 'टांगले तर' म्हणाली होतीस. मी दहा वर्षं वाट बघितली तू टांगतेस का. मग मी टांगले."

त्यानं पुढचा बल्ब माझ्या हातात दिला. मी तो खोक्यात ठेवला. राहिलेले शंभरेक बल्ब आम्ही तसेच उतरवले.

दुसऱ्या दिवशी देवयानीला मी जोडाचं सगळं लेखी दिलं. लाईन का लांबची होती, तेही. तिनं कागद वाचला आणि विचारलं, "हे शेवटचं वाक्य लिहायलाच हवं का?"

"हवं."

"पुढच्या वर्षी मी तुला घ्यायचं की नाही?"

"ते तू ठरव."

तिनं पुढच्या वर्षी मला घेतलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी घेतलं. वर्तमानपत्रात मिलिंदच्या झाडाचा फोटो आला, तांबूस उजेडातला, दहाच्या सुमाराचा. माझं नाव कुठे नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. तरी मी पान उलटून दोनदा बघितलं.

पुढे त्यानं हेच काम आणखी दोन गावांत केलं. दुसऱ्या वेळी कामाच्या पाटीवर माझं नाव घालू का असं विचारणारी मेल पाठवली. मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. मग नको म्हणून कळवलं. मला नाव हवं होतं, पण त्यानं दिलेलं नको होतं. हा हट्ट शहाणपणाचा होता असा माझा दावा नाही. त्याचं नाव कुठे छापून आलं की अजूनही मी आधी अक्षरांचा आकार बघते.

कामात मात्र एक बदल केला. लोड चार्ट मी अजून स्वतःच करते, पण सही करायच्या आधी तो रामदासला देते. त्यावर कलाकारांची नावं लिहीत नाही. नुसते आकडे लिहिते. एक ते बारा.